‘रेखेरन’: राज्य नेमकं कोण करतं?

डच शिकणाऱ्या मराठी माणसाला ‘रेखेरन’ हे क्रियापद बहुधा बातम्यांत भेटतं. लिहिताना त्यात रोमन ‘जी’ असतो, पण त्याचा उच्चार घशातून खरवडल्यासारखा ‘ख’. शेवटचा ‘न’ बोलताना बरेच जण गिळतात.

अर्थ राज्य करणं, आणि नेदरलँड्समध्ये राजा आहे. म्हणून कर्ता राजाच असणार असं आपण धरून चालतो. डच राज्यघटनेनुसार ‘रेखेरिंग’, म्हणजे सरकार, राजा आणि मंत्री मिळून होतं, हे खरं. पण १८४८ च्या घटनादुरुस्तीपासून जबाबदारी मंत्र्यांची. सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी राजा संसदेपुढे भाषण वाचतो, तेही मंत्र्यांनी तयार केलेलं. बातमीत कर्ता म्हणून बहुधा पक्ष किंवा आघाडीच येते.

‘हेर्सन’लाही कोशात राज्य करणं असाच अर्थ सापडतो, म्हणून दोन्ही सारखीच मानली जातात. तसं नाही. ‘हेर्सन’मध्ये सत्ता गाजवण्याचा सूर आहे, निवडून आलेल्या सरकारला ते लावलं तर टोमणाच वाटेल. शिवाय ते माणसांपुरतं नाही. ‘एर हेर्स्त ख्रीप’ म्हणजे फ्लूची साथ आहे. शांतता, तणाव, दुष्काळ यांनाही ‘हेर्सन’च लागतं, तिथे ‘रेखेरन’ घातलं तर डच माणूस हसेल.

सर्वांत चिवट चूक जर्मन येणाऱ्यांची, आणि पुण्यात ते कमी नाहीत. जर्मन ‘रेगीरन’चं भूतकालवाचक कृदन्त ‘रेगीर्ट’, आधी ‘गे’ लागत नाही. डचमध्ये तोच उपसर्ग ‘ख’ असा ऐकू येतो आणि तो लागतोच: ‘इक हेप खरेखेर्त’, मी राज्य केलं आहे. उपसर्ग गाळण्याची सवय सुटायला वेळ लागतो.

‘इक रेखेर’ लिहिताना शेवटच्या ‘र’आधी दोन रोमन ‘ई’ आणि ‘रेखेरन’मध्ये त्याच जागी एकच, हे पाहून क्रियापद अनियमित वाटतं. ते पूर्ण नियमित आहे. दीर्घ स्वर असलेलं अक्षर व्यंजनाने बंद झालं की ‘ई’ दोनदा, उघडं राहिलं की एकदा. ‘येइ रेखेर्त’, तू राज्य करतोस. प्रश्न विचारताना कर्ता मागे गेला की ‘त’ गळतो, ‘रेखेर येइ?’ साध्या भूतकाळात ‘रेखेरन’ला ‘द’ लागतो, ‘हेर्सन’ला ‘त’, कारण तिथे धातूच्या शेवटी अघोष ‘स’ आहे.

आणि ‘रेयाखेरन’ दिसलं तर घाई करू नका. त्यात रोमन ‘ए’ जास्तीचा आहे, आणि अर्थ आहे प्रतिसाद देणं.