तिवरांचा मिठाशी व्यवहार

ठाणे पूर्वेला, कोपरीतून मीठबंदर रस्त्याने खाडीकडे गेलं की तिवरं दिसू लागतात. पावसाळा सरल्यावर एखादं पान उन्हात तिरपं धरून बघा, वर मिठाचे बारीक कण चकाकतात. चाखायचा मोह मात्र खाडीची आजची अवस्था पाहता आवरलेला बरा.

हे मीठ झाडानेच बाहेर टाकलेलं असतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. असं पाणी तुळशीला घातलं तर परासरणामुळे तिच्या पेशींतलंच पाणी बाहेर ओढलं जाईल आणि ती सुकेल. तिवरं बहुतेक मीठ मुळांपाशीच अडवतात. निसटून आत आलेलं काही पानांवरच्या क्षारग्रंथी बाहेर काढतात, उरलेलं पेशी आपल्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या द्रवाने भरलेल्या पिशवीत, कोंडून ठेवतात. तिथे एक नवाच पेच उभा राहतो. रिक्तिका खारट झाली की भोवतालच्या पेशीद्रवातलं पाणी तिच्याकडे धावणार. म्हणून पेशी ग्लायसिन बीटेन हा निरुपद्रवी रेणू बनवून पेशीद्रवात साठवते आणि दोन्हीकडची ओढ सारखी करते.

यातलं फुकट काहीच नाही. सोडियम रिक्तिकेत ढकलायला ऊर्जा लागते, बीटेनला नायट्रोजन लागतो. फार खारट जागी तिवरं खुरटी राहतात ती काही अंशी याच खर्चापायी.

हीच खटपट पुढे लाकडातही दिसते. खारटपणा वाढला की पाणी वाहणाऱ्या नलिका अरुंद पण दाट होतात. एखादीत हवेचा बुडबुडा अडकला तरी बाकीच्या चालू राहतात. ही सहनशक्ती पिकात आणता येते का हे बघायला चेन्नईच्या स्वामिनाथन संशोधन संस्थेत अजय परिदा आणि सहकाऱ्यांनी तिवरांतली ताण सोसणारी जनुकं भातात घालून पाहिली. खाजण जमिनीत भात लावणाऱ्या कोकणाला त्याचं अप्रूप वाटावं.

चिखलात ऑक्सिजन जवळपास नसतोच, म्हणून तिवरांची श्वसनमुळं पेन्सिलींसारखी वर येतात. त्यांच्या सालीवरच्या छिद्रांतून हवा आत शिरते आणि पोकळ्यांनी भरलेल्या ऊतीतून खालच्या मुळांपर्यंत पोचते. ठाण्याच्या याच खाडीचा पुढचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाला. भरतीबरोबर येऊन या श्वसनमुळांवर अडकणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांना त्याचं सोयरसुतक नाही. जावाच्या किनाऱ्यावर संशोधकांनी तिवरांची मुळं मुद्दाम प्लास्टिकखाली झाकली. मुळांनी वाढीची दिशा बदलून वाट शोधली. निम्मी जमीन झाकलेली झाडं बऱ्यापैकी तगली. पूर्ण झाकलेल्यांची पानं घटली आणि त्यातली काही मेली.