वाटणीत न बसणारी पेटी

इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्यानं १५८८ साली पाषाणकामाचा कारखाना काढला. तिथले कारागीर आबनुसाच्या काळ्याभोर पेट्यांवर अकीक, लाजवर्द अशा दगडांची फळंफुलं जडवीत. रंग दगडाचाच, त्यामुळे विटण्याचा प्रश्न नाही. अशी एक पेटी १७०९ च्या सुमारास आना मारिया लुइझा हिच्यासाठी घडली. ही मेदिचींची शेवटची वारस, निपुत्रिक. १७३७ च्या करारात तिनं अट घातली : घराण्याचा ठेवा फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. म्हणूनच तो आजही तिथे पाहता येतो.

बँकेत असताना लॉकरपाशी मी कितीतरी वाटण्या पाहिल्या. सोनं तोळ्यातोळ्यानं वाटलं जाई. आजीचा डबा मात्र कुणालाच नको असे. तुमच्या घरी वाटणीची वेळ आलीच, तर तो डबा तेवढा मोडीत घालू नका.