मातीचे धरण आणि त्याचा सांडवा

पावसाळा सरत आला की सहलींचे बेत सुरू होतात आणि त्यांत तळ्याकाठची एखादी जागा हमखास असते. हल्ली फार्महाऊस आणि रिसॉर्टचे मालकही नाल्याला मातीचा बांध घालून स्वतःचे तळे करतात. त्यात बोटी, मासे, काठावर झोपाळे. तिथे गेल्यावर आपण सारे पाणी पाहतो. ते अडवणारा बांध कोणी पाहत नाही. आज आम्ही त्या बांधाविषयी लिहीत आहोत. पालकांनी व विश्वस्तांनीही वाचावे, कारण सहलीची जागा शेवटी तेच ठरवतात.

आधी एक हिशोब करू. एक हेक्टर पसरलेले आणि सरासरी तीन मीटर खोल तळे म्हणजे 30,000 घनमीटर पाणी, म्हणजेच तीन कोटी लिटर. वजन 30,000 टन. दहा टनी ट्रकांत भरायचे तर तीन हजार ट्रक लागतील! एवढा भार माती पेलते, कारण तो नुसता ढिगारा नसतो. मधोमध चिकण काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचे कवच, पाण्याकडच्या उतारावर दगडांचे पिचिंग, आणि प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबलेला. असा बांध पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. नागपूरचा अंबाझरी तलाव 1870 सालचा आहे.

मात्र माथ्यावरून वाहणारे पाणी मातीच्या बांधाला सोसत नाही. काँक्रीटच्या धरणावरून पाणी सांडले तर पुष्कळदा निभावते. इथे मागच्या उतारावर धार लागली की घळ पडते, ती वर वर सरकत माथ्याला भिडते आणि काही तासांत भगदाड पडते. म्हणून बांधाच्या कडेला, माथ्यापेक्षा बऱ्याच खालच्या पातळीवर, जादा पाण्यासाठी वाट ठेवतात. तोच सांडवा. वर्षातले अकरा महिने तो कोरडा असतो, त्यामुळे मालकाला ती फुकट गेलेली जागा वाटू लागते.

खासगी तळ्याची सर्वांत कुप्रसिद्ध हकीकत अमेरिकेतली आहे. पेनसिल्व्हेनिया राज्याने कालव्यासाठी बांधलेले साऊथ फोर्क धरण पुढे निरुपयोगी ठरले आणि 1879 च्या सुमारास पिट्सबर्गच्या धनिकांच्या शिकार व मासेमारी क्लबाकडे आले. पोलादाचे कारखानदार अँड्र्यू कार्नेगी हे त्या क्लबाचे सभासद. धरण 72 फूट उंच. माथ्यावरून बग्ग्या नीट जाव्यात म्हणून क्लबाने तो दोन-तीन फूट उतरवला. तळाचे पाणी सोडायचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते पुन्हा बसवलेच नाहीत. आणि तळ्यात सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टीत त्या जाळ्यांत ओंडके आणि कचरा अडकला. मजूर जाळ्या मोकळ्या करत होते, बाजूने नवी वाट खणत होते. पण वेळ उरला नव्हता. दुपारी धरण फुटले आणि तासाभरात खालच्या जॉन्सटाउन गावावर पाण्याचा लोंढा आदळला. 2,209 माणसे गेली. या साऱ्यात आम्हांला ती माशांची जाळीच जास्त खटकते. लावताना ती किती साधी गोष्ट वाटली असेल!

आता पुन्हा अंबाझरी. हा तलाव खासगी नाही, महापालिकेचा आहे. पण आज लोक तिथे मुख्यतः विरंगुळ्यासाठीच जातात. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. बांध फुटला नाही. पण सांडव्यावरून आलेले पाणी नाग नदीच्या पात्रात मावेना आणि खालच्या वस्त्यांत घुसले. सांडव्यासमोर उभारलेल्या स्मारकामुळे प्रवाहाला अडथळा होतो, असा आक्षेप घेऊन रहिवासी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले.

दुसरा धोका झिरप्याचा. प्रत्येक मातीचा बांध थोडा पाझरतोच. पायथ्याशी येणारे पाणी स्वच्छ आणि बेताचे असेल तर सहसा काळजी नसते. गढूळ असेल तर आतली माती वाहून चालली आहे असे समजावे. उंदीर-घुशींची बिळे, बांधावर वाढलेल्या झाडांची कुजलेली मुळे, यांतून हा मार्ग तयार होतो. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, तेव्हा एका मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला होता. खेकडे बिळे करतात हे खरे, पण बिळे बुजवणे हे काही खेकड्यांचे काम नव्हे.

वेळेवर लक्ष गेले तर काय होते, ते आपल्याच मध्य प्रदेशात दिसले. ऑगस्ट 2022 मध्ये धार जिल्ह्यातल्या नव्या कारम धरणातून गळती सुरू झाली. धार आणि खरगोन जिल्ह्यांतली 18 गावे रिकामी केली, पोकलेन यंत्रांनी बाजूने चर खोदला आणि तळे मुद्दाम उपसून टाकले. शेतांचे नुकसान झाले, पण जीवितहानी टळली.

देशात 2021 साली धरण सुरक्षा कायदा झाला. मालक सरकार असो वा कंपनी, 15 मीटरहून उंच धरणे त्यात येतात. 10 ते 15 मीटरची काही अटींवर. त्याहून ठेंगणा रिसॉर्टचा बांध त्यात बसतच नाही, तेव्हा तिथे मालक स्वतः पाहील तेवढेच. म्हणून सहल ठरवताना आणखी दोन प्रश्न विचारायला हरकत नाही: सांडवा कोणत्या बाजूला आहे, आणि पावसाळ्यापूर्वी त्यावरची जाळी काढतात का?