डिफ्यूजन फिल्टर

डिफ्यूजन फिल्टर म्हणजे प्रतिमेला मृदुता आणण्यासाठी कॅमेऱ्याच्या भिंगासमोर बसविण्यात येणारी पारदर्शक काच होय. छायाचित्रण व चलचित्रण या दोन्ही क्षेत्रांत तिचा उपयोग केला जातो. या फिल्टरमुळे दिव्यांभोवती व उजळ पृष्ठभागांभोवती हलके तेजोवलय निर्माण होते, उजळ व गडद भागांतील तफावत कमी होते आणि त्वचेवरील सुरकुत्या, डाग यांसारखे बारीक तपशील सौम्य दिसतात. हा परिणाम चित्र टिपले जाण्यापूर्वीच घडत असल्यामुळे तो नंतर पूर्णपणे काढून टाकता येत नाही. त्यामुळे फिल्टर वापरावा की नाही व कोणत्या तीव्रतेचा वापरावा, हे चित्रीकरणापूर्वीच ठरवावे लागते.

कार्यपद्धती

हिवाळ्यातील पहाटे धुके पडले असता रस्त्यावरील दिव्याभोवती प्रकाशाचे वलय दिसते. हवेतील सूक्ष्म जलबिंदूंमुळे प्रकाशाचे प्रकीर्णन होते, म्हणजे तो निरनिराळ्या दिशांना विखुरतो. डिफ्यूजन फिल्टरमध्ये हेच कार्य काचेतील सूक्ष्म कण किंवा तिच्या पृष्ठभागावरील बारीक उंचवटे करतात. बहुतांश प्रकाश त्यांच्यामधून सरळ जातो व रेखीव प्रतिमा तयार करतो. उरलेला प्रकाश विखुरून त्या प्रतिमेवर पसरतो. प्रतिमा रेखीव राहूनही मऊ दिसते ती यामुळेच. भिंगाचे केंद्रीकरण चुकल्यास मात्र संपूर्ण प्रतिमाच पुसट होते. हा मृदुता व अस्पष्टता यांतील मुख्य फरक होय.

विखुरलेला प्रकाश सावलीच्या भागावरही पडतो. परिणामी गडद काळा रंग किंचित राखाडी दिसू लागतो.

प्रकार

मिस्ट फिल्टर : यांच्या काचेत प्रकाश विखुरणारे सूक्ष्म कण असतात. टिफेन या अमेरिकन कंपनीचे प्रो-मिस्ट फिल्टर या प्रकारातील होत.

ब्लॅक मिस्ट फिल्टर : यांत काळ्या कणांचाही समावेश असतो. त्यामुळे सावल्या तुलनेने गडद राहतात व तेजोवलय अधिक संयत दिसते.

सूक्ष्मभिंगयुक्त फिल्टर : यांच्या पृष्ठभागावर लहान लहान भिंगांसारखे उंचवटे विखुरलेले असतात. झाइस कंपनीचे सॉफ्टार हे याचे परिचित उदाहरण आहे. व्यक्तिचित्रणासाठी ते विशेष वापरले जातात.

जाळी : भिंगाच्या पुढे किंवा मागे ताणून बसविलेले तलम कापड. यासाठी रेशमी पायमोज्यांचाही वापर होत असे. पांढऱ्या जाळीने चित्र अधिक धूसर होते. काळ्या जाळीने ते कमी धूसर होते.

साध्या पारदर्शक फिल्टरवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावण्याचा घरगुती उपायही प्रचलित आहे. असा थर प्रत्यक्ष भिंगावर लावू नये, कारण त्यामुळे भिंगावरील लेप खराब होण्याचा संभव असतो.

फिल्टरची तीव्रता 1/8, 1/4, 1/2, 1, 2 अशा श्रेणींनी दर्शविली जाते. अंक वाढेल तसा परिणाम वाढतो. मात्र निरनिराळ्या कंपन्यांच्या श्रेणी परस्परांशी जुळतातच असे नाही.

इतिहास

मृदू प्रतिमेचे आकर्षण फिल्टरपेक्षा जुने आहे. ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरून यांनी 1860 च्या दशकात काहीशी मृदू व्यक्तिचित्रे टिपली. त्यांच्या छायाचित्रांत रेखीवपणा नसल्याबद्दल समकालीन टीकाकारांनी त्यांना दोष दिला; पुढे तीच छायाचित्रे कलादृष्ट्या महत्त्वाची मानली गेली. चित्रपटात डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या 'ब्रोकन ब्लॉसम्स' (1919) या मूकपटात अभिनेत्री लिलियन गिश यांच्या मृदू समीपदृश्यांसाठी छायालेखक हेन्रिक सार्टोव यांचे साहाय्य घेण्यात आले. त्यानंतरच्या हॉलिवूडपटांत नायिकेचे समीपदृश्य मृदू व त्याच प्रसंगातील नायकाचे रेखीव, असा भेद पुष्कळदा आढळतो. चेहऱ्यावरील वयाच्या खुणा कोणाच्या दाखवायच्या व कोणाच्या झाकायच्या, याविषयीची त्या काळाची दृष्टी त्यातून दिसते.

डिजिटल कॅमेऱ्यांची प्रतिमा अतिशय रेखीव असते. ती रुक्ष भासू नये म्हणून अलीकडे हे फिल्टर पुन्हा मोठ्या प्रमाणावर वापरले जातात.

वापर

एकच फिल्टर दीर्घ केंद्रांतराच्या भिंगावर अधिक तीव्र परिणाम देतो. म्हणून दूरच्या दृश्यानंतर अशा भिंगाने चेहऱ्याचे समीपदृश्य घेताना सौम्य श्रेणीचा फिल्टर निवडतात; अन्यथा दोन दृश्ये जोडल्यावर विसंगती जाणवते. चौकटीत दिवे, खिडकी किंवा चमकणारे पाणी असल्यास परिणाम वाढतो. ढगाळ, सपाट प्रकाशात तो क्वचितच लक्षात येतो. बाजूने येणारा प्रकाश फिल्टरवर थेट पडल्यास संपूर्ण चित्र फिकट होते, म्हणून भिंगावर छत्र लावणे इष्ट असते. रुंद कोनाच्या भिंगावर छिद्र फार लहान केल्यास काचेतील कणांची किंवा जाळीची आकृती चित्रात उमटू शकते.

कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर हा परिणाम प्रत्यक्षापेक्षा कमी भासतो. त्यामुळे मोठ्या पडद्यावर आधी चाचणी पाहणे व शक्य असल्यास तेच दृश्य एकदा फिल्टरविना टिपून ठेवणे हितावह ठरते.

मर्यादा

वैद्यकीय, न्यायवैद्यक व दस्तऐवजी छायाचित्रणात तपशील हाच पुरावा असल्याने हे फिल्टर अयोग्य ठरतात.

संगणकावरही असा परिणाम साधता येतो व तो मागे घेता येतो. तथापि संवेदकाच्या क्षमतेपलीकडचा प्रकाश केवळ पांढरा म्हणून नोंदला जातो. तीव्र प्रकाशात पांढरा कागद व जळता दिवा दोन्ही सारखेच पांढरे नोंदले गेले, तर त्यांपैकी अधिक तेजस्वी कोण, हे संगणकाला त्या नोंदीवरून कळत नाही. फिल्टरमधून मात्र प्रत्यक्ष प्रकाश जात असल्याने दिव्याभोवतीचे वलय आपोआपच मोठे पडते.