गॅरेजमधली काडतुसे

अमेरिकेत शनिवारी सकाळी 'गॅरेज सेल' धुंडाळणे हा आपल्या मंडळींचाही आवडता उद्योग. कुणी टेबल आणतो, कुणी मुलांची सायकल. विस्कॉन्सिनमधल्या माझ्या भाच्याने मात्र बंदुकीची वापरलेली काडतुसे पुन्हा भरण्याचे जुने यंत्र आणले! पुण्यात ताईने हे फोनवर ऐकले आणि दोन दिवस अबोला धरला.

"अगं आई, पाखरं नाही मारत. मातीच्या तबकड्या फोडतो," तो म्हणाला. हवेत उडणाऱ्या २५ तबकड्यांचा एक डाव, आणि खोक्यातही काडतुसे २५च. बार उडाल्यावर उरणारी प्लॅस्टिकची पुंगळी अनेकदा वापरता येते. ठिणगी पाडणारी जुनी टोपी काढून नवी बसवायची, मग दारू, त्यावर प्लॅस्टिकची दट्टी, शिशाचे छर्रे, आणि शेवटी मोदकाला घालतो तशा सहा किंवा आठ चुण्या घालून तोंड मिटवायचे.

यंत्र होते मेव्हिल गावच्या 'मेक' कंपनीचे, '६०० ज्युनिअर'. दणकट, एका दांड्यावर चालणारे. सुटे भाग अजूनही मिळतात, त्यामुळे थोडा गंज असला तर बिघडत नाही. ते १२ बोअरचे की २० बोअरचे, हे मात्र आधी पाहावे. आत दारू मोजणारी एक छोटी धातूची चकती असते. तिच्यावरचा आकडा म्हणजे वजन नव्हे! तो तक्त्यात शोधायचा आणि पडलेली दारू काट्यावर तोलून बघायची. म्हणूनच नवशिक्याने यंत्राच्या किमतीत चांगला काटा आणि ताजे पुस्तक धरूनच हिशेब करावा.

विकणाऱ्या आजींचे यजमान वारले होते. त्यांनी यंत्राबरोबर यजमानांची वही दिली, आणि कॉफीच्या डब्यातली उरलेली दारूही. "फुकट घेऊन जा," म्हणाल्या. डब्यावर नाव नाही. दिसायला सारख्या दोन दारू जळतात मात्र वेगवेगळ्या वेगाने, आणि चुकीची पडली तर नळीच फुटते. डबा हातात घेतलेल्या भाच्याने तो परत ठेवला. आजींना वाईट वाटले. वहीतली मापेही त्याने वापरली नाहीत. पुंगळी, टोपी, दट्टी, यांतले एक बदलले की जुने माप खोटे ठरते.

पैसे वाचतात का? १२ बोअरची साधी काडतुसे स्वस्त असली की फारसे नाही. २८ बोअरला बऱ्यापैकी. (आपल्याकडे हा विचारही नको. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे गुन्हा आहे.)

अबोला सुटल्यावर ताईचा पहिला प्रश्न: "नातू कुठे खेळतो?" तळघरात, यंत्राशेजारीच! शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला बाधते. त्याच रात्री यंत्र गॅरेजमध्ये गेले आणि दाराला कुलूप लागले.

पहिली पंचवीस काडतुसे भरायला भाच्याला अख्खी संध्याकाळ लागली. कौतुकाने त्याने आईला फोन केला. तिने एवढेच विचारले, "जेवायच्या आधी हात धुतलेस ना रे?"