जखमी खारीसाठी पहिला तास

वळवाच्या पावसात फांद्या मोडतात, पावसाळ्याआधी सोसायट्यांमध्ये झाडांची छाटणी होते, नारळाच्या झावळ्या उतरवल्या जातात. त्याबरोबर खारींची घरटीही खाली येतात. एरवीही मांजराच्या तावडीतून सुटलेली, विजेच्या तारेचा धक्का बसलेली, गाडीचा ओझरता फटका लागलेली खार अंगणात नाहीतर जिन्याखाली सापडते. अशा वेळी घरातल्या कुणाला तरी दया येते, वाटीत दूध येते, ड्रॉपर शोधला जातो. नेमकी इथेच गडबड होते. जखमी खार अनेकदा मूळ जखमेपेक्षा घाईघाईने पाजलेल्या दुधाने दगावते.

आपल्याकडे अंगणात दिसणारी पट्ट्यांची खार जेमतेम शंभर ग्रॅमची असते. एवढ्या लहान शरीरात रक्त असते सहा-सात मिलिलिटर, म्हणजे चहाचा सव्वा चमचा. त्यामुळे आपल्याला किरकोळ वाटणारा रक्तस्रावही तिच्यासाठी मोठा ठरतो. शिवाय लहान शरीर झपाट्याने थंड पडते. जखम, भीती आणि थंडी एकत्र आली की प्राणी 'शॉक'मध्ये जातो: रक्ताभिसरण मंदावते, हिरड्या फिक्या पडतात, अंग गार लागते, हालचाल थांबते. म्हणून प्रथमोपचाराचा क्रम लक्षात ठेवावा. आधी ऊब, मग पाणी आणि सगळ्यात शेवटी अन्न. यातली पहिली पायरी आपली. पुढच्या दोन शक्यतो पशुवैद्यकाच्या किंवा वन्यप्राणी बचाव केंद्राच्या सल्ल्याने.

उचलताना

घाबरलेली खार कडकडून चावते आणि तिचे दात फार तीक्ष्ण असतात. जाड हातमोजे घालावेत किंवा जाड टॉवेल तिच्यावर अलगद टाकून टॉवेलसकट उचलावे. शेपटीला धरून कधीही उचलू नये. शेपटीची कातडी सोलून निघते. तारेला चिकटलेली किंवा तारेजवळ पडलेली खार असेल, तर आधी वीजपुरवठा बंद करावा, मगच हात लावावा.

बुटांचा रिकामा खोका घ्यावा, त्याला पेन्सिलने भोके पाडावीत आणि आत जुना बनियन किंवा टी-शर्ट अंथरावा. टॉवेल उचलायला चालतो, अंथरायला नको; त्याच्या धाग्यांत नखे अडकतात. खोक्यावर झाकण ठेवून तो शांत, अंधाऱ्या जागी ठेवावा. सतत झाकण उघडून पाहणे, मुलांना दाखवणे, फोटो काढणे टाळावे. आपल्याला ती काळजी वाटते, तिला मात्र शिकारी वाकून पाहतोय असेच वाटते.

ऊब कशी द्यावी

प्लास्टिकच्या बाटलीत कोमट-गरम पाणी भरावे, बाटली कापडात गुंडाळावी आणि खोक्यात एका बाजूला ठेवावी. मनगटाच्या आतल्या बाजूला सुखद वाटेल एवढीच ऊब हवी. दुसरी बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे खारीला नको वाटल्यास सरकता येते. पाणी निवले की बदलावे. कडक उन्हात ठेवणे किंवा हेअर ड्रायर फिरवणे धोक्याचे. नाकातून रक्त येत असेल, मान एका बाजूला झुकली असेल किंवा ती गोल गोल फिरत असेल, तर डोक्याला मार लागलेला असू शकतो. अशा खारीला शेक देऊ नये. अंधार आणि शांतता द्यावी आणि ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

रक्त आणि जखम

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने किंवा गॉजने पाच मिनिटे हलका, सलग दाब द्यावा. मध्येच उचलून पाहू नये. हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट असले घरगुती प्रयोग नकोत. घरातली वेदनाशामक गोळी चिमूटभरही देऊ नये. आपल्यासाठीच्या गोळीचा तुकडासुद्धा शंभर ग्रॅमच्या जिवाला विषासारखा असतो. जखमेवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके दिसले, तर ती माश्यांची अंडी. दिवसभरात त्यांच्या अळ्या होतात, त्यामुळे उशीर परवडत नाही. गुरांच्या जखमेत टाकतात तसे टर्पेंटाइन इथे मुळीच टाकू नये.

मांजराने धरलेली खार वरून ठणठणीत दिसली तरी ती आणीबाणीच समजावी. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. सुईसारख्या दातांनी पडलेली छिद्रे केसांखाली दिसतही नाहीत, पण संसर्ग रक्तात पसरतो आणि दोन-तीन दिवसांत प्राणी मरतो. काही तासांत योग्य प्रतिजैविक मिळाले तर जीव वाचू शकतो. ते किती आणि कोणते, हे पशुवैद्यकच ठरवतील.

दूध का नको

गार पडलेल्या प्राण्याचे आतडे जवळजवळ थांबलेले असते. पोटात गेलेले अन्न पचत नाही, सडते. त्यात गाई-म्हशीचे दूध खारीच्या पिल्लाला पचत नाही, जुलाब लागतात आणि आधीच कमी असलेले शरीरातले पाणी आणखी घटते. ड्रॉपरने ओतलेला थेंब अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेला, तर न्यूमोनिया होतो. अर्धवट शुद्धीतल्या खारीच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नये.

पिल्लू पडले असेल तर

प्रत्येक पडलेले पिल्लू अनाथ नसते. जखम नसेल, तर अंगावरच्या मुंग्या झटकून त्याला ऊब द्यावी आणि उघड्या खोक्यात, बाटलीसकट, त्याच झाडाच्या बुंध्याशी किंवा खालच्या फांदीवर ठेवावे. मांजर-कावळ्यांवर लांबून लक्ष ठेवावे. माणसाचा वास लागला की आई पिल्लाला टाकते, हा गैरसमज आहे. परिसर शांत असेल तर आई येते आणि पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. मात्र खार दिवसा वावरणारी आहे. अंधार पडल्यावर आई येणार नाही, म्हणून रात्री पिल्लू उबेत आत ठेवावे आणि सकाळी पुन्हा प्रयत्न करावा.

कुणाला कळवायचे

महाराष्ट्रात वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. जवळच्या प्राणी बचाव संस्थेचा आणि लहान प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्यकाचा क्रमांक आधीच फोनमध्ये असलेला बरा. खार हा वन्यप्राणी आहे. बरी झाल्यावर 'पाळायला' ठेवून घेणे कायद्यातही बसत नाही आणि तिच्या हिताचेही नाही. ती कुठे सापडली ते नेमके लिहून ठेवावे, कारण तिला सोडायचे ते शक्यतो तिथेच.

खार चावलीच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. खारीपासून रेबीज होण्याची शक्यता अत्यंत कमी असते, तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनसह पुढचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

खोका, जुना बनियन, कोमट पाण्याची बाटली आणि एक फोन: पहिल्या तासात आपला खारीचा वाटा एवढाच. दुधाची वाटी तेवढी आत ठेवून द्यावी.