संगणक आणि आपोआप सुरू होणारे प्रोग्राम

शाळेतील संगणकाची कळ दाबली, पडदा उजळला, तरी काम सुरू करण्याजोगी स्थिती येण्यास पाच-सात मिनिटे लागतात, हा अनुभव अनेक शिक्षकांना आहे. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत एवढा वेळ मुले रिकामी बसली, की पाठाचा रंग उतरतो. पुढे 'यंत्र जुने झाले' असा निर्णय होतो आणि त्यावर एकदा घातलेले कापड पुन्हा निघत नाही. वस्तुतः पुष्कळदा यंत्र बिघडलेले नसते. त्यावर अनावश्यक भार पडलेला असतो. तो कसा ओळखावा व कसा उतरवावा, याचा येथे विचार करू.

नवा प्रोग्राम बसविला, की तो अनेकदा आपले नाव आरंभीच्या यादीत घालून ठेवतो. त्यानंतर यंत्र सुरू होताच आपण न बोलावता तोही सुरू होतो. संभाषणाचे, गाणी ऐकविणारे, छपाईयंत्राला साहाय्य करणारे, नव्या आवृत्तीची चौकशी करणारे असे कित्येक प्रोग्राम एकदम उठतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये माहिती वाचणारे टोक एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते. सर्वांच्या मागण्या पुरविताना त्यास सारखे इकडून तिकडे जावे लागते. सुट्टीची घंटा होताच सर्व वर्गांतील मुले एकाच दाराशी लोटावीत, तसा हा प्रकार होय. शिवाय हे प्रोग्राम मागे चालू राहून रॅममधील जागा अडवितात, त्यामुळे पुढील कामही मंदावते.

विंडोज १० व ११ या प्रणालींत 'कंट्रोल', 'शिफ्ट' आणि 'एस्केप' या तीन कळा एकत्र दाबल्या असता 'टास्क मॅनेजर' उघडतो. खिडकी लहान दिसल्यास 'मोअर डिटेल्स' हे शब्द दाबावेत. नंतर 'स्टार्टअप' हा विभाग उघडावा. विंडोज ११ च्या अलीकडील आवृत्त्यांत त्याचे नाव 'स्टार्टअप अ‍ॅप्स' असे आहे. विंडोज ७ असलेल्या जुन्या यंत्रात हीच यादी 'एमएसकॉन्फिग' या आज्ञेने मिळते.

टास्क मॅनेजरच्या यादीत प्रत्येक प्रोग्रामपुढे त्याचा भार 'लो', 'मीडियम' किंवा 'हाय' असा दर्शविलेला असतो. आरंभी ज्याला प्रोसेसरचा १ सेकंदाहून अधिक वेळ लागतो, किंवा जो डिस्कवर ३ एमबीहून अधिक देवघेव करतो, तो 'हाय' समजला जातो. नको असलेल्या नावावर माउसची उजवी कळ दाबून 'डिसेबल' निवडावे. याने प्रोग्राम नष्ट होत नाही. तो केवळ आपोआप सुरू होणे थांबतो. हवा तेव्हा आपण तो उघडू शकतो, आणि चूक झाल्यास 'एनेबल' निवडून पूर्ववत करता येते.

मात्र येथे विवेक आवश्यक आहे. विषाणूंपासून रक्षण करणारा प्रोग्राम बंद करू नये. ध्वनी, पडदा वा माउस यांच्याशी संबंधित नावांस हात लावू नये. मराठी टंकलेखनासाठी वेगळा प्रोग्राम वापरीत असाल, तर तो चालू असू द्यावा. नाहीतर ऐन वेळी देवनागरी अक्षर उमटणार नाही. वनड्राइव्हसारखा प्रोग्राम थांबविल्यास, तो स्वतः उघडेपर्यंत गुणपत्रकांच्या प्रती वर जाणार नाहीत, हेही ध्यानात असावे. ज्या नावाचा अर्थ कळत नाही ते तसेच राहू द्यावे.

एका दिवशी एकच प्रोग्राम थांबवावा, त्याचे नाव वहीत टिपावे आणि संगणक पुन्हा सुरू करून परिणाम पाहावा. कळ दाबल्यापासून काम करता येईपर्यंतचा वेळ वरच्या वर्गातील मुलांकडून घड्याळाने मोजवून फळ्यावर लिहवून घ्यावा. आठवड्याच्या शेवटी पहिला व शेवटचा वेळ यांची वजाबाकी मुलेच करतील. त्यात गणिताचा एक जिवंत पाठ होईल, आणि वाचलेली मिनिटे पुन्हा त्यांच्याच अभ्यासाच्या कामी येतील.